रेणूच्या चित्रातलं पाणी

हिमोग्लोबिनचा रेणू मी एकतीस वर्षं फळ्यावर काढत आलो. चार गोळे, दोन पांढऱ्या खडूने, दोन पिवळ्या खडूने, आणि प्रत्येकात एक ठिपका. ठिपका म्हणजे लोह. त्याला ऑक्सिजन चिकटतो आणि सुटतो. अमरावतीच्या कनिष्ठ महाविद्यालयात बारावीला एवढं पुरतं. मुलांनी चार गोळे नीट काढले की त्यांना गुण मिळतात, आणि आपण शिकवलं असं आपल्यालाही वाटतं. म्हणून तोच रेणू, शास्त्रज्ञांनी अणू-अणू मोजून ठेवलेला, अकोल्यातल्या एका दुकानवजा खोलीत संगणकाच्या पडद्यावर उघडला, तेव्हा मला तो ओळखूच आला नाही. चार-साडेचार हजार अणूंचा नुसता ढीग होता. कुठे सुरू होतो, कुठे संपतो, काही कळत नव्हतं.

संगणकाची मालकीण चाळिशीतली बाई होती. न बांधलेले फ्लॅट बांधल्यासारखे दाखवणं हा तिचा धंदा. दार उघडतं, हॉल दिसतो, स्वयंपाकघर दिसतं, गॅलरीतून झाडं दिसतात, आणि ती झाडं त्या जागेवर कधीच नसतात. कॉलेजात विज्ञान सोडून आपल्याला वीस वर्षं झाली, हे तिने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. पडद्यावरच्या ढिगाकडे तिने मान तिरकी करून पाहिलं आणि म्हणाली, "सर, हे तं भंगारवाल्याचा गाडा उलटल्यावानी दिसून राहिलं."

हे काम माझ्याकडे आलं ते माझ्या मुलीमुळे. तिला सिकलसेल होता. विसाव्या वर्षी ती गेली, त्याला तेव्हा सव्वा वर्ष झालं होतं. या आजाराबद्दल शाळा-कॉलेजांतून बोलणारी एक लहानशी संस्था अकोल्यात आहे. रक्तातल्या एका रेणूत नेमकं काय बिघडतं ते ॲनिमेशनने दाखवणारी आठ मिनिटांची फिल्म त्यांना हवी होती. नुसतं सांगितलं की पोरी ऐकतात आणि विसरतात, असा त्यांचा अनुभव. संस्थेच्या बाईंनी फोनवर बराच वेळ इकडचं तिकडचं विचारलं, मग म्हणाल्या की तुम्ही विषय शिकवता, शिवाय तुम्हाला घरात, आणि तिथे थांबल्या. मी हो म्हटलं. नाही म्हणायचं तर आणखी बोलावं लागलं असतं.

फिल्ममध्ये काय यावं याचा एक कागद त्यांनी मला आणि त्या संगणकवाल्या बाईला पाठवला. त्यात एक वाक्य असं होतं की शरीरात पाणी कमी पडलं की त्रास का वाढतो हे स्पष्ट दाखवावं, आणि निर्जळ उपवासाचा उल्लेख करावा. त्या वाक्याखाली मी पेन्सिलने रेघ ओढली आणि बाजूला प्रश्नचिन्ह काढलं. माझी मुलगी हरतालिकेच्या निर्जळ उपवासानंतर पाचव्या दिवशी गेली होती. कागद बायकोच्या हाती पडू नये म्हणून मी तो एका जाड पुस्तकात ठेवून दिला. ते वाक्य फिल्ममध्ये घ्यायचं की नाही, यावर माझे पुढचे पाच-सहा महिने गेले. बाकीचं काम त्याच्या आजूबाजूने होत राहिलं.

दर शनिवारी सकाळी मी अमरावतीजवळच्या बडनेऱ्याहून अकोल्याची पॅसेंजर धरायचो. मूर्तिजापूरला ती हमखास थांबवली जायची आणि मागच्या गाड्या पुढे जायच्या. तेवढ्या वेळात मी वहीत पुढच्या दृश्याचे चौकोन काढायचो. पहिल्या चौकोनात रेणू दुरून, दुसऱ्यात जवळून, तिसऱ्यात त्याचं वळणं. शेजारचे प्रवासी डोकावून पाहायचे. एकाने विचारलं, भाऊ, नकाशा काढून राहिले का. मी हो म्हटलं.

रेणू समजेल असा दाखवणं हे वाटतं त्यापेक्षा फार कष्टाचं काम आहे. सगळे अणू दाखवले तर ढीग दिसतो. अणू झाकून नुसती साखळीची वळणं दाखवली तर रचना कळते, पण मग तो रेणू पोकळ, हवेतून आरपार दिसणारा वाटतो, आणि त्याला स्पर्श करणारं दुसरं काही असू शकेल हे पटत नाही. वरची साल दाखवली तर तो भरीव वाटतो, पण आतलं काही दिसत नाही. आम्ही तिन्ही प्रकार करून पाहिले. शेवटी असं ठरलं की सुरुवातीला साल दाखवायची, मग ती विरत जाऊन आतली वळणं दिसायची, त्यातल्या एका वळणावर थांबायचं, आणि बाकी सगळं फिकट करून टाकायचं. फिकट करणं त्या संगणकवाल्या बाईला फार चांगलं जमायचं. बिल्डरच्या हॉलमध्ये सोफा छोटा टाकला की गिऱ्हाइकाला हॉल मोठा दिसतो, हे ती मला समजावून सांगायची. मी हसायचो. त्या काळात मी हसायचो ते तिथेच.

पण सगळ्यात पहिली पायरी पाणी काढून टाकण्याची होती. अशा रेणूची फाईल उघडली की त्याच्याभोवती लाल ठिपके विखुरलेले दिसतात. ते पाण्याचे रेणू. हे काम करणारे सगळेच ते आधी झाकतात, कारण त्यांच्यामुळे मूळ आकार झाकोळतो. मी तिला तसं सांगितलं, तिने एक बटण दाबलं, पाणी गेलं, रेणू स्वच्छ दिसू लागला. मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

मग मूळ बिघाड. हिमोग्लोबिनच्या दोन साखळ्यांत प्रत्येकी एकशे सेहेचाळीस दुवे असतात. सिकलसेलमध्ये त्यांतला सहावा बदललेला असतो, तेवढा एकच. मूळचा दुवा पाण्याशी जुळवून घेणारा, त्याच्या जागी आलेला पाण्यापासून अंग चोरणारा. रेणूने ऑक्सिजन सोडला की तो किंचित वळतो आणि त्याच्या अंगावर एक खाच उघडी पडते. शेजारच्या रेणूचा तो अंग चोरणारा दुवा त्या खाचेत जाऊन बसतो. त्याच्यामागे तिसरा, मग चौथा. असं होत होत आत ताठ दोरखंड तयार होतात आणि गोल पेशी विळ्यासारखी वाकते. वाकलेल्या पेशी बारीक नसांमध्ये अडकतात. जिथे अडकतात तिथे दुखतं. किती दुखतं, ते मी वीस वर्षं पाहिलं होतं, पण ते दाखवायला फिल्ममध्ये जागा नव्हती.

हा खाचेत बसण्याचा प्रसंग तिने पहिल्यांदा केला तेव्हा एक रेणू लांबून संथपणे आला, अंदाज घेतल्यासारखा थांबला आणि अलगद खाचेत बसला. मंडपात नवरदेव यावा तसा. मी म्हटलं, असं नसतं. रेणूला कुठे जायचंय हे माहीत नसतं. तो नुसता थरथरत असतो, धक्के खात असतो, हजारदा चुकतो आणि एकदा चुकून बसतो.

"थोडं तं शोधू द्या त्याले, सर," ती म्हणाली. "नाही तं पाहनाऱ्याले समजनार कसं, कोन कोनाकडे चाललं?"

तिचं म्हणणं खरं होतं आणि माझंही. तीन शनिवार त्यात गेले. शेवटी रेणू आधी बराच वेळ थरथरतो, दोनदा खाचेला लागून निसटतो आणि तिसऱ्यांदा अडकतो, असं केलं. तिसऱ्यांदा अडकतानाची गती तिने तरी थोडी मंद ठेवलीच. मी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं.

दुपारी जेवायला मी ताईकडे जायचो. ताई माझी मोठी बहीण, अकोल्यातच असते. मुलगी बी.एस्सी.ला असताना तिच्याकडेच राहायची. भरलेली बाटली घेतल्याशिवाय ताईने तिला कधी घराबाहेर पडू दिलं नाही, थंडीत डोक्याला रुमाल बांधल्याशिवाय पाठवलं नाही. हे सगळं डॉक्टरांनी सांगितलेलं, आणि ताई डॉक्टरांचं ऐकणारी. सणासाठी म्हणून मुलगी चार दिवस अमरावतीला आली आणि परत ताईकडे गेली नाही. तेराव्या दिवशी, घरात माणसं असताना, ताईने माझ्या बायकोला विचारलं की तुझ्या घरी होती ना पोर, तुले एक गिलास पानी पाजता आलं नाही? मी समोरच्या खोलीत पुरुषांमध्ये सतरंजीवर बसलो होतो. मला ते स्वच्छ ऐकू आलं. माझी बायको काहीच बोलली नाही. मीही बोललो नाही. मी सतरंजीचे पट्टे पाहत होतो.

त्यानंतर बायको अकोल्याला गेली नाही. ताई दर शनिवारी मला वाढायची, भाकरीवर तेल टाकायची, आणि जेवण अर्ध्यावर आलं की तोच विषय काढायची. आई असून तिने कसं करू दिलं, एवढी शिकलेली बाई, असं. मी मान खाली घालून जेवत राहायचो. ताईला वाटायचं मलाही तेच म्हणायचं आहे, पण बायकोबद्दल म्हणून बोलत नाही.

आता खरं काय झालं ते लिहितो. हरतालिकेच्या दिवशी सकाळी मी ओसरीत पेपर वाचत होतो. गल्लीतल्या तिच्या मैत्रिणी निर्जळ करणार होत्या. त्यांतल्या एकीचं लग्न ठरलं होतं आणि पुढच्या वर्षी ती इथे नसणार, म्हणून या वर्षी सगळ्यांनी सारखं करायचं असं पोरींचं ठरलं होतं. आमची मुलगी दरवर्षी उपवास करायची, पण पाणी आणि फळं घेऊन. त्या दिवशी तिला ते नको होतं. स्वयंपाकघरात तिचं आणि तिच्या आईचं बराच वेळ चाललं होतं. आई नाहीच म्हणत होती. मग मुलगी माझ्याकडे आली आणि म्हणाली, बाबा, तुम्हीच सांगा आईला. तिच्यामागे बायको हातात पाण्याचा पेला घेऊन उभी होती. मी पेपरातून डोकं वर काढलं नाही. म्हणालो, करू दे, एक दिवसाने काय होते.

ते मी म्हणालो. जीवशास्त्राचा शिक्षक म्हणून म्हणालो. म्हणूनच बायकोने पेला खाली ठेवला.

भादव्यातलं ऊन होतं. पोरी दुपारी वाळूची पिंड करून देवळात बसल्या, गाणी म्हणत होत्या. संध्याकाळी ती घरी आली ती कंबर धरून. रात्री पाणी दिलं, गोळ्या दिल्या. गणपती बसले त्या दिवशी दवाखान्यात नेलं. मग दुखणं छातीत गेलं. पुढचं लिहीत नाही.

फिल्मचं काम होळीपर्यंत बरंच पुढे गेलं, तेव्हा स्टुडिओतल्या बाईने विचारलं की सर, कागदावरचं ते पाण्याचं कधी घ्यायचं? मी म्हटलं, ते राहू दे. माझ्या मिसेसना ते पाहवणार नाही. तिला काही महिन्यांपूर्वीच मी मुलीबद्दल सांगितलं होतं, त्यामुळे ती मान हलवून पडद्याकडे वळली. मग थोड्या वेळाने म्हणाली, "तुमी म्हणता तं नाही टाकत. पन मंग आपन पोरींना सांगून काय राहिलो सर? रक्त वाकते, एवढंच?"

मी वही मिटली. परतीच्या गाडीत ते वाक्य माझ्याबरोबर होतं. संस्थेच्या बाईंनाही मी फोनवर तेच सांगितलं, घरच्यांना जड जाईल. त्या लगेच समजून घेत म्हणाल्या, बघा, तुम्हाला योग्य वाटेल तसं. दु:खात असलेल्या माणसाला लोक फार लवकर समजून घेतात. त्याचा मी तेव्हा बराच उपयोग करून घेतला.

वैशाखात शाळा-कॉलेजं बंद झाली आणि बायकोला दुपारी घरी मी दिसू लागलो. ती एका शाळेत ग्रंथपाल होती, तिलाही सुट्टी होती. एका दुपारी कूलरसमोर बसलो असताना तीच म्हणाली, काय करून राहिले तुमी दर शनिवारी, दाखवा मले. मी लॅपटॉप आणला आणि दिवाणावर तिच्यासमोर ठेवला. फिल्म तोवर पावणेसात मिनिटांची झाली होती.

साल विरून आतली वळणं दिसू लागली तेव्हा ती म्हणाली, ही तं कुरडई. मी थांबवून काही सांगू लागलो तर तिने हाताने नको म्हटलं. शेवटपर्यंत पाहिली. मग पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितली. दुसऱ्यांदा ती पडद्याच्या फार जवळ जाऊन पाहत होती. दोन रेणू अडकतात तिथे तिने थांबवायला सांगितलं. त्यांच्या मधल्या काळ्या जागेवर तिने बोट ठेवलं.

"यात पानी कुठं हाये?"

मी तिला सांगितलं की पाणी असतं, या सगळ्या फटींमध्ये असतं, पण ते दाखवलं तर रेणू दिसत नाही, म्हणून काढून टाकायची पद्धत आहे. असं सगळेच करतात.

"अन् उपासाचं?"

"ते घेतलं नाही."

"काहून?"

"तुला त्रास होईल म्हणून."

तिने पडद्यावरचं बोट काढलं आणि माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात पडदा अंधारला. मग ती म्हणाली, आणि तिचा आवाज चढला नव्हता, "मले कायचा त्रास होईल? मी तं गिलास घेऊन तिच्या मागं मागं फिरत होती. हो तुमी म्हटलं."

मी म्हटलं, हो.

"मंग काढून टाकायचं असन तं तुमच्या नावावर काढा. माह्या नावावर नका काढू."

ती उठून आत गेली. आतून भांडी लावल्याचा आवाज येत राहिला. दीड वर्ष, पावणेदोन वर्षं, जे काही झालं होतं, त्यात त्या सकाळबद्दल आम्ही दोघांत बोललेले हे पहिले शब्द. मला वाटायचं तिला ते आठवत नसेल. माणूस पेपर वाचत असताना काहीतरी बोलतो, ते कोण लक्षात ठेवतं, असं मी स्वतःला सांगत आलो होतो. तिला शब्द न् शब्द माहीत होता. ताई बोलली तेव्हाही माहीत होता.

पुढच्या शनिवारी मी स्टुडिओत गेलो आणि म्हटलं, पाणी घ्यायचं आहे. बाई म्हणाली, कुठलं पाणी? मी म्हटलं, सगळं.

सगळं शक्य नव्हतं. खऱ्या प्रमाणात पाणी टाकल्यावर तिचा संगणक दोनदा बंद पडला, आणि चालू होता तेव्हाही पडद्यावर नुसता फिकट निळा गजबजाट दिसत होता. पहिल्या दिवसाचा भंगाराचा गाडा परवडला असता. मग आम्ही कमी करत आणलं. दोन रेणूंच्या फटीत जेवढे दिसून कळतील तेवढेच ठिपके ठेवले. आधी पेशीत भरपूर पाणी. मोठे रेणू थरथरतात, एकमेकांकडे सरकतात, मधले ठिपके धक्के देत राहतात, आणि बहुतेक वेळा रेणू खाचेपर्यंत पोचतच नाही. मग पेशीच्या कडेतून ठिपके एक-एक बाहेर जाऊ लागतात. पेशी किंचित आकसते. मोठे रेणू होते तेवढेच, तसेच थरथरणारे, त्यांच्यात काही बदललेलं नाही. फक्त मधली जागा कमी झालेली. आणि आता तो दुवा खाचेला लागतो, पुन्हा लागतो, अडकतो. एकामागून एक अडकत जातात, आधीपेक्षा कितीतरी लवकर.

संगणकावर तो भाग रेंडर होऊन फिल्म बनायला तीन दिवस लागले. पूर्ण झाल्यावर पाहिलं तेव्हा फिल्ममधला सगळ्यात स्पष्ट भाग तोच होता. मागचे सहा महिने आम्ही जे समजावायला धडपडत होतो, ते या चाळीस सेकंदांत न बोलता दिसत होतं. बाईने ते दोनदा पाहिलं.

"किती घंट्यात होते हे, सर?" तिने विचारलं.

मी म्हटलं, ठरलेलं नसतं. ऊन असलं आणि सकाळपासून पाणी पोटात नसलं, तर संध्याकाळपर्यंत होऊ शकतं.  नंतर तिने स्वतःच माझ्या आवाजात दोन वाक्यं रेकॉर्ड करून घेतली. निर्जळ उपवास करू नये. एक दिवसाचाही नाही. हे नीट बोलायला मला अकरा प्रयत्न लागले. दर वेळी ती म्हणायची, आवाज बसून राहिला सर, पानी प्या अन् पुन्हा म्हना.

श्रावणाच्या शेवटच्या आठवड्यात अकोल्याच्या एका मुलींच्या कॉलेजात फिल्म पहिल्यांदा दाखवली. संस्थेने मुद्दाम हरतालिकेच्या आधीची वेळ धरली होती. मी बायकोला येतेस का विचारलं नव्हतं. सकाळी ती साडी नेसून तयार होती. आम्ही बसने गेलो. ताईलाही संस्थेच्या बाईंनी कळवलं होतं. ती शेवटच्या रांगेत बसली होती, आणि माझी बायको त्याच रांगेत, मध्ये एक खुर्ची सोडून बसली.

फिल्म सुरू असताना मी मुलींचे चेहरे पाहत होतो. रेणूंच्या रचनेच्या वेळी निम्म्या आपसात कुजबुजत होत्या. ठिपके बाहेर जायला लागले तेव्हा कुजबुज थांबली. नंतर प्रश्न विचारा म्हटल्यावर नेहमीप्रमाणे कोणी उठेना. मग मधल्या रांगेतली एक बारीकशी मुलगी उठली. वहीत लिहिलेला प्रश्न ती वाचून दाखवत होती. तिलाही सिकलसेल आहे. घरी डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं पाळतात. पण येत्या हरतालिकेला तिच्या सगळ्या बहिणी निर्जळ करणार आहेत. एकच दिवस आहे. तिने वडिलांना विचारलं तर ते म्हणाले, तुझ्या मनाने कर. तर सर, एक दिवस चालेल का?

मी म्हटलं, चालणार नाही. तिथे मी थांबू शकलो असतो. उत्तर पूर्ण होतं, फिल्ममध्ये ते माझ्याच आवाजात येऊन गेलं होतं. पण मुलगी अजून उभीच होती. तिला पटलं नव्हतं हे दिसत होतं. शिक्षकाला ते कळतं.

म्हणून मी सांगितलं. "माझ्या मुलीला हाच आजार होता. तिनेही एक दिवसाचं विचारलं होतं. तिची आई पाणी घेऊन उभी होती, नको म्हणत होती. मी म्हटलं, करू दे. हे सगळं मला तेव्हाही माहीत होतं. ती पाचव्या दिवशी गेली."

मुलगी खाली बसली. कोणीतरी पंखा कमी केला. संस्थेच्या बाईंनी आभार मानले ते मला ऐकू आले नाहीत.

बाहेर आवारात कडुनिंबाखाली ताई उभी होती. मी जवळ गेलो. ती सत्तरीला आलेली बाई, माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठी. लहानपणी तिने मला कडेवर घेऊन फिरवलं होतं.

"दोन वर्सं तू मले तिले बोलू देलं," ती म्हणाली. "अन् बसून जेवत होता माह्या घरी."

  ताई माझ्या बायकोकडे वळली, पण तिच्याशी तिला बोलता येईना.  बायकोने काही वेळ वाट पाहिली, मग म्हणाली की ऊन लागून राहिलं ताई, घरी चला. त्या दोघी ऑटोत बसल्या. मला कोणी बस म्हटलं नाही. मी बसस्थानकावर गेलो आणि एकटाच अमरावतीला परत आलो.

बायको ताईकडे दोन दिवस राहिली. तिथे मुलीची खोली होती तशीच आहे. त्या दोघींनी तिथे काय केलं, काय बोलल्या, हे तिने मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. ताई माझ्याशी अजून बोलत नाही. फोन आला की बायकोला दे म्हणते. फिल्म आता बऱ्याच ठिकाणी दाखवतात असं ऐकतो. त्या बारीकशा मुलीचं काय झालं, तिने पाणी घेतलं की नाही, ते मला ठाऊक नाही. संस्थेला विचारता आलं असतं, पण मी विचारलं नाही.

बोलून टाकलं की हलकं वाटतं असं लोक म्हणतात. मला तसं काही वाटलं नाही. पूर्वी जितका थकवा होता तितकाच आहे. फरक एवढाच की माझी बायको आता माझ्याशी भांडते. दोन वर्षं ती भांडली नव्हती. जे सांगेन ते करायची, विचारेन तेवढ्याचं उत्तर द्यायची. आता कशावरूनही सुरू होतं, दूध उतू गेलं म्हणून किंवा नळ नीट बंद केला नाही म्हणून, आणि दोन मिनिटांत त्या सकाळवर येतं. तुमी एकदा डोकं वर काढून तिच्याकडे पाहिलं असतं, असं ती म्हणते. माह्याकडे तरी पाहिलं असतं. ती हे रोज म्हणते असं नाही, पण म्हणते तेव्हा पूर्ण म्हणते, मधे थांबत नाही.

मी चष्मा काढून हातात धरतो आणि ऐकतो. तिचं सगळं बोलून होईपर्यंत उठत नाही.